असं लिहिलं तर चालतं?

माझी भाची यंदा आयजीसीएसईला, म्हणजे केंब्रिजच्या दहावीच्या पातळीवरच्या परीक्षेला, बसते आहे. गणित-विज्ञानाचं तिचं ती बघते. इंग्रजीची कंपोझिशन आणि लिटरेचरचे निबंध मात्र ती माझ्याकडे घेऊन येते. परवा वर्णनाचा सराव चालला होता. विषय होता वेटिंग रूम. तिनं बघता बघता दीड पान लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. खिडकीतून सोनेरी किरणांची बरसात होत होती, शांततेनं सगळ्यांना कवेत घेतलं होतं, भिंतीवरचं घड्याळ काळाचं ओझं वाहत होतं. व्याकरणात कुठे चूक नव्हती. मी विचारलं, "ही कुठली वेटिंग रूम?" ती म्हणाली, "कुठलीच नाही गं मावशी. अशीच." मग मी तिला आजोबांच्या ऑपरेशनच्या दिवसाची आठवण करून दिली. आपण सगळे बाहेर बसलो होतो, त्यातलं काय आठवतं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिथल्या खुर्च्या एका लोखंडी दांड्याला जोडलेल्या होत्या. टोकाला बसलेले काका सारखा पाय हलवत होते, त्यामुळे आपण सगळेच हलत होतो. पण त्यांना कुणीच काही बोललं नाही." मी म्हटलं, "हेच लिही ना." तिनं पेन उचललं, परत खाली ठेवलं आणि अगदी मनापासून विचारलं, "असं लिहिलं तर चालतं?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलगी हुशार आहे, भरपूर वाचते, बोलायला लागली की थांबत नाही. तिला लिहिता येतं की नाही हा मुद्दाच नव्हता. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते परीक्षेच्या कागदावर आणायला परवानगी आहे का, असं ती विचारत होती. म्हणजे इतक्या वर्षांच्या शाळेत तिच्या मनात असं काहीतरी बसलं होतं की लिहायचं इंग्रजी वेगळ्या कपाटात असतं, ते काढायचं, वापरायचं आणि घडी घालून परत ठेवायचं. त्यात आपल्या बघण्याचा, आपल्या आजोबांचा, त्या हलणाऱ्या खुर्च्यांचा काही संबंध नसतो. मला तिचा राग आला नाही आणि तिच्या शिक्षकांचाही आला नाही. वाईट मात्र वाटलं. कारण ते खुर्च्यांचं वाक्य खरोखर चांगलं होतं. भीतीबद्दल एक शब्दही न बोलता तिथल्या प्रत्येकाची भीती त्यात आली होती. एकमेकांची ओळखदेख नसलेली माणसं एकाच दांड्याला जोडलेली आणि एकाच्या अस्वस्थपणानं सगळी हलणारी. हे तिला सुचलं नव्हतं, तिनं ते पाहिलं होतं, आणि म्हणूनच तिला ते लिहिण्याजोगं वाटत नव्हतं.

तिच्या वहीच्या मागच्या पानांवर एक साठा आहे. सूर्योदयाची वाक्यं, पावसाची वाक्यं, गर्दीची वाक्यं. घाबरलं की पाठीच्या कण्यातून शिरशिरी जायलाच हवी. 'सेड' हे क्रियापद वापरायचं नाही, त्याच्या जागी 'एक्सक्लेम्ड', 'मटर्ड', 'रिटॉर्टेड' यांतलं काहीतरी घालायचं, अशी एक यादी. गोष्टीच्या सुरुवाती वेगळ्या, शेवट वेगळे. क्लासमध्ये हे सगळं नीट आखून दिलेलं असतं आणि मुलं ते मन लावून उतरवून घेतात. समुद्रकिनाऱ्याचं एक वर्णन तिनं इतकं घोटलंय की थोडी डागडुजी करून ते बागेला लागतं, डोंगराला लागतं, आणि परवा तर वेटिंग रूमलाही लागलं. त्या दीड पानातलं सोनेरी ऊन त्या किनाऱ्यावरूनच आलेलं होतं.

तरीही मला पाठांतराला नावं ठेववत नाहीत. माझ्या घरी इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. शाळेत बाई इंग्रजी निबंध फळ्यावर लिहून देत, आम्ही ते उतरवून घेत असू आणि मी संध्याकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करत असे. अर्थ पुष्कळदा अर्धाच कळायचा. पण एक मोठं, वळणदार वाक्य मध्येच न अडखळता पूर्ण म्हणता आलं की जिभेला जे सुख व्हायचं, ते मला अजून आठवतं. क्रियापद कुठे येतं, 'दो'नं, म्हणजे 'जरी'नं, सुरू झालेलं वाक्य पुढे कसं तोलून धरायचं, 'द' कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे मला व्याकरणाच्या पुस्तकानं फारसं शिकवलं नाही. ते त्या येरझाऱ्यांमध्ये अंगात भिनलं. ज्या घरात भाषा हवेत नसते, तिथल्या मुलाला ती अशीच कुठून तरी उसनी आणावी लागते. पोहायला शिकताना कमरेला डबा बांधतात, तसं ते पाठांतर होतं. त्यानं मला बुडू दिलं नाही. पण डबा कधीतरी सोडायचा असतो, आणि तो कधी सोडायचा हे मुलांना कुणी सांगत नाही. उलट परीक्षा जवळ येईल तसतसे आणखी दोन डबे बांधले जातात.

ठरीव साच्यातल्या निबंधाची गोष्ट आजकालची नाही. चीनमध्ये मिंग राजवटीपासून सरकारी नोकरीच्या परीक्षेत 'आठ पायांचा निबंध' लिहावा लागे. सुरुवातीला विषयाची फोड किती वाक्यांत करायची, पुढे एकमेकांना तोलून धरणाऱ्या जोड-परिच्छेदांची मांडणी कशी करायची, सगळं ठरलेलं. उमेदवारानं स्वतःच्या आवाजात बोलायचंही नाही, प्राचीन ज्ञानी पुरुषांच्या तोंडून बोलायचं. उत्तीर्ण झालेल्यांच्या निबंधांचे छापील संग्रह तेव्हाही निघत आणि धडाधड खपत. ती परीक्षापद्धत १९०५ साली संपली, म्हणजे कित्येक शतकं हुशार तरुणांची उमेदीची वर्षं तो साचा गिरवण्यात गेली. पण त्या साच्यात काहीच नव्हतं असं मला म्हणवत नाही. बाजू मांडायची तर तिची दुसरी बाजूही तेवढ्याच वजनानं मांडायची, ही शिस्त त्यात होती. आणि ज्याच्या बापाकडे पैसा किंवा ओळख नाही, अशा मुलालाही तो निबंध लिहून वर जायची वाट, निदान कागदावर तरी, मोकळी होती.

केंब्रिजच्या परीक्षांची सुरुवातही याच आशेवर झाली. १८५८ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा परीक्षा झाली तेव्हा परीक्षक कुलूपबंद पेट्यांत पेपर घेऊन आगगाडीनं गावोगावी गेले. ३७० उमेदवार होते आणि सगळे मुलगे. मुलींना बसू द्यावं म्हणून स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या एमिली डेव्हिस यांनी खटपट केली, १८६३ मध्ये मुलींची परीक्षा फक्त प्रयोग म्हणून घेतली गेली आणि १८६५ मध्ये त्यांना रीतसर परवानगी मिळाली. माझी भाची दोन तासांच्या सराव पेपरला कंटाळून मान टाकते तेव्हा मला त्या पहिल्या मुली आठवतात. आपण लिहिलेलं कुणीतरी अनोळखी माणूस गंभीरपणे वाचेल आणि आपण कोण, कुणाच्या, याचा विचार न करता त्याचं मोल ठरवेल, ही त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट असेल. परीक्षेच्या निबंधाविषयी मला जो आदर आहे, त्याचं मूळ इथं आहे. अनोळखी वाचकासाठी लिहायची ही बहुतेक मुलांच्या आयुष्यातली पहिली वेळ असते.

मग हा अनोळखी वाचक नक्की काय मागतो? ते काही गुपित नाही, कुणालाही वाचायला मिळतं. भाचीच्या कंपोझिशनला ४० गुण आहेत. वर्णन किंवा गोष्ट, दोन्हींपैकी एक, ३५० ते ४५० शब्दांत. त्यातले १६ गुण आशय आणि रचनेचे, २४ शैली आणि अचूकतेचे. क्लासवाले या २४ वर बोट ठेवतात आणि म्हणतात, बघा, भाषेला जास्त गुण आहेत, तेव्हा भारी शब्द घाला. पण शैली म्हणजे शब्दांचा भार, हे त्यांनी कुठून काढलं? 'टोकाचा माणूस पाय हलवत होता आणि आम्ही सगळे हलत होतो' यातही शैली आहे, आणि ती कुठल्याही यादीतून आलेली नाही. लिटरेचरकडे वळलं तर तिथं तपासणीची चार उद्दिष्टं आहेत आणि चारहींना सारखंच वजन आहे. साहित्यकृती माहीत असणं, तिचा अर्थ उमगणं, लेखकाच्या भाषेकडे आणि रचनेकडे पाहता येणं, आणि चौथं, वाचणाऱ्याचा स्वतःचा संवेदनशील आणि जाणता प्रतिसाद. म्हणजे चौथा हिस्सा गुण 'तुला काय वाटलं' याचेच आहेत. हे मी भाचीला छापील कागदावर दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. तिला वाटलं होतं ते वाक्य शोभेला असतं.

माझी एक मैत्रीण अशा परीक्षांचे पेपर तपासते. आता ते स्क्रीनवर येतात, स्कॅन केलेले, एकामागून एक. मधूनच आधी तपासून ठेवलेला एखादा पेपर तिच्या नकळत समोर येतो, तिचं मोजमाप ढळत नाही ना हे बघायला. ती सांगते, एकाच सुरुवातीचे पाच-सहा निबंध ओळीनं आले की वाचणाऱ्याचा डोळा आपोआप घसरायला लागतो. ती तो मुद्दाम परत वर आणते, कारण प्रत्येक मुलाचा तो एकुलता एक पेपर असतो. आणि मध्येच कुणीतरी खरंच पाहिलेलं काहीतरी लिहितं, स्पेलिंगच्या दोन चुका असतात, वाक्य जरा लंगडतं, पण ती थांबते आणि ते दुसऱ्यांदा वाचते. अशा वेळी गुण देताना हात आखडत नाही, असं ती म्हणते. मी तिला विचारलं, सगळेच परीक्षक असे असतात का? यावर ती गप्प बसली. प्रामाणिक माणूस यावर गप्पच बसेल. १९१२ साली स्टार्च आणि एलियट या दोन अमेरिकन अभ्यासकांनी शाळकरी मुलाचा एकच इंग्रजीचा पेपर १४२ शिक्षकांकडून तपासून घेतला होता. शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. त्यांनी पुढे भूमितीचा पेपर असाच तपासून घेतला तर तिथली तफावत त्याहून मोठी निघाली. तपासण्याचे काटेकोर निकष, परीक्षकांच्या आधी होणाऱ्या बैठका, नमुन्याच्या उत्तरपत्रिका ही सगळी यंत्रणा त्या तफावतीला आवर घालण्यासाठी आहे, आणि तिनं पुष्कळ आवर घातलाही आहे. पण थोडी अनिश्चितता उरतेच. घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो तिच्यामुळेच.

माझी ताई, म्हणजे भाचीची आई, मला फोनवर म्हणाली, "तू तिला छान छान सांगतेस ते ठीक आहे, पण मार्क जाणार नाहीत ना?" ताईचं चुकतंय असं मला वाटत नाही. पुढचा प्रवेश या ग्रेडवर ठरणार आहे. साचा निदान एका मर्यादेच्या खाली जाऊ देत नाही, हे खरं आहे. मी तिला एवढंच सांगितलं की साचा जिथपर्यंत नेतो तिथं ती आधीच पोचली आहे, आणि तिच्या शिक्षकांचे शेरेही तेच सांगतात. 'व्यवस्थित', 'चांगला प्रयत्न', 'अजून खोलात जा'. त्या खोलात जायचं कसं, हे मात्र त्या शेऱ्यांत नसतं.

मला ते माझ्या नववीच्या सरांनी शिकवलं. ते निबंध तपासताना समासात लाल शाईनं एकच प्रश्न लिहायचे, 'हाऊ डू यू नो?' तुला कसं कळलं? मी लिहिलं होतं की नायक दुःखी आहे, शेजारी तोच प्रश्न. मी लिहिलं होतं की कवीला निसर्ग आवडतो, शेजारी तोच प्रश्न. आधी मला तो अपमान वाटायचा. पुढे कळलं की ते खरंच विचारत होते. त्यांना उत्तर हवं होतं, कुठली ओळ, कुठला शब्द, कुणी काय केलं. लिटरेचरच्या निबंधासाठी आज मुलांना जी चौकट देतात, म्हणजे मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, परत प्रश्नाशी जोडणी, ती त्या एका प्रश्नाचंच लांबवलेलं रूप आहे. फक्त मुलं तिचे चार खण भरतात आणि प्रश्न विसरतात.

भाचीच्या अभ्यासाला शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' आहे, सरदार मॅकबेथ आणि त्याची बायको राजा डंकनचा खून करून गादी बळकावतात ते नाटक. प्रश्न होता, लेडी मॅकबेथबद्दल सहानुभूती वाटावी असं शेक्सपिअर कितपत करतो. तिचं उत्तर तयार होतं. महत्त्वाकांक्षा, चेटकिणी, शेक्सपिअरच्या काळातल्या राजा जेम्सनं १५९७ मध्ये चेटूकविद्येवर पुस्तक लिहिलं ही माहिती, हातावरचे न जाणारे रक्ताचे डाग, अपराधगंड, समारोप. राजा जेम्स तिच्या प्रत्येक निबंधात येतो, प्रश्न कुठलाही असो. मी म्हटलं, आज डाग आणि जेम्स दोन्ही बाजूला ठेव. झोपेत चालण्याचा प्रवेश नुसता वाच आणि आधी तुझ्या लक्षात न आलेलं एक काहीतरी मला दाखव. ती पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश वाचत बसली. मी माझं काम करत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मावशी, डॉक्टर विचारतो, हिच्या हातात दिवा कुठून आला? तर दासी सांगते, तो तिच्याजवळच असतो, सतत उजेड हवा असा तिचा हुकूम आहे. पण हीच बाई आधी रात्रीला बोलवत होती ना?"

होती. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ती दाट रात्रीला हाक मारते, नरकाच्या काळ्यात काळ्या धुरात स्वतःला गुंडाळून ये म्हणते, आपल्या सुरीलाही आपण केलेली जखम दिसू नये म्हणून. आम्ही दोघींनी पेन्सिली घेतल्या आणि पानं उलटायला सुरुवात केली. त्याच्या आधीच्याच प्रवेशात मॅकबेथ ताऱ्यांना तुमची आग लपवा म्हणतो. दुसऱ्या अंकात खुनाच्या रात्री मॅकबेथचा सोबती सरदार बँको आभाळाकडे बघतो आणि आज वर काटकसर चाललेली दिसते, सगळ्या मेणबत्त्या विझल्यात, असं म्हणतो. नवरा-बायकोनं मागितलेला काळोख आभाळानं खरोखर दिलेला आहे. मग तिसऱ्या अंकात मॅकबेथ बँकोवर मारेकरी घालतो. बँको आणि त्याचा मुलगा फ्लीअन्स मशाल घेऊन येतात, मारेकरी तुटून पडतात, मशाल विझते. एक मारेकरी विचारतो, उजेड कुणी विझवला? दुसरा म्हणतो, तसंच ठरलं नव्हतं का? आणि त्या अंधारात फ्लीअन्स निसटतो. इथं भाची जागेवरून उठलीच. "म्हणजे यांनी मागितलेल्या काळोखानंच त्या मुलाला वाचवलं!" हे तिच्या कुठल्याही नोट्समध्ये नव्हतं. माझ्याही डोक्यात नव्हतं, मी एवढी वर्षं ते नाटक वाचत आले तरी. नाटक १६२३ साली छापलं गेलं, त्यानंतर कितीतरी लोकांनी हे पाहिलं असणार. पण तिनं ते त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं आणि तिच्या लेखी ते नवं होतं.

शेवटी आम्ही पाचव्या अंकाच्या पाचव्या प्रवेशाशी आलो. आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो, राणी गेली असं कळतं आणि मॅकबेथच्या तोंडी ते प्रसिद्ध भाषण येतं, त्यात विझून जा, इवल्याशा मेणबत्ती, अशी ओळ आहे. भाचीला ते भाषण कधीचं पाठ होतं. आयुष्याची क्षणभंगुरता, रूपक, पूर्णविराम. आता ती म्हणाली, "तो त्या रात्री तिथं नव्हता. ती मेणबत्ती घेऊन फिरत होती तेव्हा डॉक्टर आणि दासीनं पाहिलं, आपण पाहिलं. तो मेणबत्ती म्हणतो तेव्हा आपल्याला ती दिसते." एवढं बोलून तिनं वही ओढली आणि लिहायला घेतलं. त्या लिखाणात भारी शब्द फारसे नव्हते. वाक्यं लहान होती, दोन ठिकाणी काळ चुकले होते, ते आम्ही नंतर दुरुस्त केले. पण प्रत्येक वाक्याला बूड होतं. समासात 'हाऊ डू यू नो?' लिहायला मला कुठे जागा सापडली नाही.

पाऊण तासाच्या उत्तरात असा शोध लागत नाही, हे मला कळतं. परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक उलटत बसायला वेळ नसतो, बऱ्याच पेपरांत पुस्तकच जवळ नसतं. पहिली पाच मिनिटं मुद्दे काढायचे, मग हात दुखेपर्यंत लिहायचं. म्हणून शोध आधी लागायला हवा, घरी, मोकळ्या वेळात, चुकायला मुभा असताना. आणि मग तो पाठ करायचा. होय, पाठच करायचा. तो उजेडाचा धागा, कुठल्या अंकात काय, कोण काय म्हणतं, हे तिला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, आणि त्यासाठी तिला येरझाऱ्या घालाव्या लागल्या नाहीत. स्वतः शोधलेलं लक्षात राहतं. प्रश्न सहानुभूतीवर आला, मॅकबेथच्या अधोगतीवर आला किंवा एखाद्या प्रवेशातल्या नाट्यावर आला, तरी हा धागा कुठून धरायचा हे तिला ठरवता येतं. तयार उत्तराचं तसं होत नाही. प्रश्नाचा एक शब्द बदलला की ते अख्खं निकामी होतं आणि मूल ते तरीही लिहून येतं, कारण दुसरं काही जवळ नसतं.

कंपोझिशनसाठी आता आम्ही वेगळा सराव करतो. ती रोज थोडा वेळ एखाद्या माणसाकडे किंवा जागेकडे पाहते आणि तीन ओळी लिहिते. तुलना नाही, विशेषणं शक्यतो नाहीत, फक्त कोण काय करत होतं. कधी त्या ओळी अगदीच सपाट उतरतात. कधी त्यातून एखादं असं वाक्य येतं की मी ते माझ्या वहीत लिहून ठेवते. त्या वेटिंग रूमचा निबंधही तिनं पुन्हा लिहिला. सोनेरी ऊन गेलं, खुर्च्या आल्या. मागच्या पानांवरचा साठा तिनं फाडून टाकलेला नाही आणि मीही तसं सुचवलं नाही. डोकं अगदीच रिकामं झालं तर हाताशी दोन सुरुवाती असाव्यात, असं ती म्हणते, आणि हॉलमध्ये बसायचं तिला आहे.

लेडी मॅकबेथवरून मात्र आमचं एकमत झालेलं नाही. मला वाटतं ती पश्चात्तापानं पोळलेली आहे. भाचीला वाटतं ती फक्त घाबरलेली आहे. तिचा पुरावा असा की झोपेतही ती डंकनचं नाव घेत नाही, 'म्हातारा' म्हणते, आणि त्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं कुणाला वाटलं असतं, असं म्हणते. हे आश्चर्य आहे, दुःख नाही. मध्येच ती म्हणते, नरक काळोखा आहे. म्हणजे उजेड हवा तो त्या काळोखाच्या भीतीनं. मी तिला त्याच प्रवेशातली दुसरी ओळ दाखवली. फाइफच्या सरदाराला (म्हणजे मॅकडफला, त्याच्या बायकोला मॅकबेथनं मारवलेलं असतं) बायको होती, ती आता कुठे आहे? हा प्रश्न तिला कुणी विचारायला लावलेला नाही. मारल्या गेलेल्या दुसऱ्या एका बाईची आठवण तिला झोपेत येते, याला नुसती भीती कसं म्हणायचं? भाचीनं ओळीखाली रेघ मारली, बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली आणि म्हणाली, "हे मी घालते. पण खाली लिहिणार, की तरी मला पटत नाही." मग तिनं त्या ओळीला जवळजवळ अर्धं पान दिलं, माझी बाजू माझ्यापेक्षा नीट मांडली, आणि पुढच्या परिच्छेदात ती खोडून काढली. तिचं उत्तर चांगलं आहे. मला ते अजूनही पटलेलं नाही.